वीतभर मातीचा माळ

१४ एप्रिल १९९८

आज जयंती. समाजमंदिरापुढं मला बोलायला सांगितलं. नायब सुभेदार महेंद्र, चोवीस वर्षं देशसेवा करून नुकतेच वाडीत परतलेले, वगैरे. मी दोन शब्द बोलायला उठलो. बायको, आम्रपाली, म्हणते, माझ्या दोन शब्दांत तिनं मागं बसून पाटीभर लसूण सोलला.

विषय होता वाडीच्या पाठीमागचा माळ. गायरान आहे, म्हणजे सगळ्यांचं आणि कुणाचंच नाही. नुसता उतार. वर वीतभर, कुठं हातभर चिकणवट माती, खाली मुरूम, त्याच्या खाली काळा पत्थर. उन्हाळ्यात माती अशी फाटते की भेगेत काठी घातली तर खाली खडकावर टक्क वाजते. पावसाळ्यात तीच माती बुटाला धरून घरापर्यंत चालत येते. मधल्या काळात ती काय करते ते मला माहीत नाही, कारण मधल्या काळात मला कधी रजाच मिळाली नाही.

तरी मी बोललो. चर खणू, दोन वर्षं चराई बंद ठेवू, गुडघाभर गवत उभं करू. टाळ्या जोरात पडल्या. घरी येताना मी तसं म्हणालो, तर आम्रपाली म्हणाली, "पडणारच. संपलं न्हवं का भाषण."

२ मे

काल ग्रामसभा झाली. सरपंच लालासाहेब एका दमात म्हणाले, "सुभेदार, तुमी फुडं व्हा, गाव तुमच्या मागं हाय." इतक्या लवकर मंजुरी मिळाली की मला संशय यायला हवा होता. आला नाही.

विरोध एकट्यानं केला. केरबातात्या. माळाच्या पायथ्याशी त्यांचं शेत आहे आणि माळावर त्यांची जनावरं असतात. ते उभे राहिले, टोपी नीट केली आणि म्हणाले, "जन्मापास्नं बगतोय ती माती. कुणाचं ऐकत न्हाई ती. आन माझ्या जनावरांनी काय ह्याच्या भाषणावर जगायचं व्हय रं?"

सगळे हसले. मीही हसलो, पण ऑफिसरसारखं. मनात म्हटलं, मातीनं ऐकायचं नसतं, मातीत खणायचं असतं.

१७ मे

खोदाई सुरू केली. पहिल्या दिवशी अख्खी वाडी आली, दुसऱ्या दिवशी निम्मी, आज आम्ही चौघे. त्यातला एक कुदळ परत न्यायला आला होता.

पण कामात कसूर नाही. राजस्थानात वाळूत खंदक खणले, आसामात चिखलात खणले, हे काय घेऊन बसलात? माळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी ताणली आणि दोरीखाली खणत गेलो. माळ मध्ये थोडा दबलेला आहे, तिथं दोरी वळवावी असं एकजण म्हणाला. मी त्याला सांगितलं, वाकडं काम आपल्याकडं चालत नाही. संध्याकाळी रस्त्यावरून बघितलं तर चर कसे परेडला उभे केल्यासारखे. एसटीतली माणसं माना वळवून बघत होती. मला त्या बघण्याचा फार अभिमान वाटला.

२६ जुलै

पाऊस बेताचा आहे, पण चिकण पुरेशी ओली आहे. गस्तीला बूट घालून जातो आणि येताना प्रत्येक पायात एकेक पाटी माती घेऊन येतो. घसरून पडण्याचं आता मला काही वाटत नाही. फक्त पडताना शिट्टी तोंडात नसावी, एवढं शिकलो.

आज चराईबंदीतली पहिली मोठी कारवाई केली. वरच्या चरापाशी दोन शेळ्या बेधडक चरत होत्या. मालक जवळपास कुणी नाही. मी त्या धरल्या, ओढत, पडत, शिव्या देत सरळ कोंडवाड्यात नेऊन कोंडल्या. वाटेत केरबातात्या बांधावर बसले होते. त्यांनी शेळ्यांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला म्हणाले, "शाब्बास."

घरी आलो. आम्रपालीनं विचारलं, "आपल्या शेळ्या दिसल्या का वं कुठं?"

२८ सप्टेंबर

लिहायला हात होत नाही. तरी लिहितो. वाईट दिवसाचा रिपोर्ट आधी लिहायचा, असं आम्हाला शिकवलं होतं.

दुपारी आभाळ फुटलं. असा पाऊस आमच्या भागाला वर्षातून एकदा होतो आणि तोच वर्षभराचा असतो. मी इरलं घेऊन माळावर पळालो. चर भरत होते. मला आनंद झाला. मग दिसलं की चर टोकांना कोरडे आहेत आणि मध्ये, त्या दबलेल्या भागात, तुंबत आहेत. दोरी सरळ होती. माळ सरळ नव्हता. दोन्ही बाजूंचं पाणी माझ्या सरळ चरांतून शिस्तीत चालत मध्ये जमा होत होतं.

वरचा चर फुटला. त्यानं खालचा फोडला, त्यानं त्याच्या खालचा. मग नुसतं पाणी राहिलं नाही. पाणी पिऊन जड झालेली चिकण खालच्या खडकावरून सटकली, पायाखालून सतरंजी ओढावी तशी, आणि माळाचा मधला पट्टाच्या पट्टा खाली गेला. खाली केरबातात्यांची बाजरी कणसात आली होती.

पाऊस थांबल्यावर मी खाली गेलो. ते बांधावर उभे होते. बाजरी दिसतच नव्हती. वर चिखल आणि धोंडे, आणि वर माळावर जिथं माती होती तिथं काळा पत्थर उघडा पडला होता. मी म्हणालो, "तात्या, चूक माझी आहे."

"व्हय," ते म्हणाले. एवढंच. मला वाटलं होतं शिव्या देतील. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

६ ऑक्टोबर

रोज सकाळी तात्यांच्या शेतातले धोंडे वेचतो. त्यांनी बोलावलं नाही, मीही विचारलं नाही. ते बांधावर बसून बघतात. दुपारी राहीबाई, त्यांची मंडळी, भाकरी घेऊन येतात आणि माझी भाकरी जरा लांब, दगडावर ठेवतात. मी खातो. धोंड्यांना आणि मला दोघांनाही जागा ठरवून दिलेली आहे.

चिकण वाळू लागली की फावडं लागत नाही आणि ओली असली की सुटत नाही. तिचा कामाचा एक दिवस असतो, तो बहुधा काल होता.

१९ नोव्हेंबर

तात्यांचा मुलगा वीरधवल रजेवर आला आहे. पलटणीत नाईक आहे. शेतात मला बघून कडक सॅल्यूट मारला आणि मग पोट धरून हसला. "सुभेदारकाका, शत्रूनं सुदिक आमच्या शेताचं एवढं नुकसान केलं नसतं!" मला तो पोरगा पहिल्यापासून आवडतो. दोन दिवस शर्ट काढून माझ्याबरोबर धोंडे वाहिले. तात्या बांधावरून "आरं, नवी पँट हाय ती" असं ओरडत राहिले.

माळावर गवत आलंय, पण नुसतं कुसळ. मोज्यांतून काढता काढता बोटं सोलली. पवना, मारवेल असलं जनावरं खातील ते गवत औषधालासुद्धा नाही. वीरधवल म्हणाला, "येईल काका. माती हलली न्हाई तर येईल."

जाताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "काका, आता वर जातोय, काश्मीरकडं. आबांकडं लक्ष ठेवा जरा." मी म्हणालो, काळजी करू नकोस, त्यांचं एकही जनावर मी माळावर येऊ देणार नाही. तो माझ्याकडं जरा वेळ बघत राहिला. मग परत एक सॅल्यूट मारून एसटीत चढला.

२८ मे १९९९

सहा महिन्यांत लिहिण्यासारखं काही केलं नाही. आता केलंय. जुने चर बुजवून नवे आखायला घेतले आहेत, या वेळी माळाच्या वळणानं. दोरी आम्रपालीनं वाळवणाला घेतली. लांब पारदर्शक नळी आणली. नळीत पाणी भरायचं, दोघांनी दोन टोकं धरायची, पाणी दोन्हीकडं सारख्या उंचीला आलं की तिथं खूण. सोपं आहे. गेल्या वर्षी का नाही केलं, याचं उत्तर माझ्याकडं आहे, पण लिहीत नाही.

दुसरं टोक धरायला कुणी येईना. सगळ्यांना भाषणाची भीती. आज सकाळी मी एक टोक दगडाला बांधून खटपट करत होतो, तर केरबातात्या वर चढून आले. म्हणाले, "आण हिकडं. पुन्हा माझ्याच रानात आणून घालशील." माझ्यावर नजर ठेवायला आले, हे उघड आहे.

नळी लांब, त्यामुळं ओरडून बोलावं लागतं. मी ओरडत होतो, "वर घ्या! जरा खाली!" मध्येच ते तिकडून ओरडले, "म्हेंद्रा, तिकडं बर्फात असा चर खणाया येतो का रं?"

मी खूश झालो. विषय माझा, तिकडं मी दोन हिवाळे काढलेत. सांगितलं की तिथं खाली खडक असतो, माती आपल्यासारखीच वीतभर, तीही गोठलेली. खणता येत नाही. मग दगडांचा आडोसा रचतात, छातीएवढा. त्याच्या मागं बसायचं.

"दगडं पुरतात का?"

"कशाला?"

तिकडं ते वाकून नळीत बघायला लागले. मग म्हणाले, "न्हाई, सहज. तुजं पानी हालतंय बग."

पाणी माझ्या टोकाचं हलत नव्हतं. त्यांना नीट दिसत नसावं. वय झालं त्यांचं.

८ जून

केरबातात्यांनी मला छळायचं ठरवलेलं दिसतं. चर आखून झाले, खोदाईही होत आली, पण ते रोज संध्याकाळी आमच्या दारात हजर. बरोबर रेडिओवर बातम्या लागायच्या वेळी. बाहेरच्या धोंड्यावर बसतात आणि सुरू. वरच्या चराची माती खालच्या अंगाला टाकली नाही. बांध नीट चोपला नाही. तुझी अक्कल पेन्शनीत गेली. बातम्या लागल्या की मात्र गप्प बसतात आणि संपल्या की परत चर.

त्यांच्या घरी आमच्यापेक्षा मोठा रेडिओ आहे. मी विचारलं तर म्हणाले, "सेल गेल्यात. आन ती घरात लावू देत न्हाई." ती म्हणजे राहीबाई.

आम्रपाली रोज चहा विचारते. "आत्ताच झाला." गावात चहा आत्ताच झालेली माणसं मी लहानपणापासून ओळखतो. मी तिला म्हणालो, कशाला विचारतेस? आणि मला बातम्या नीट ऐकू येत नाहीत, उद्यापासून रेडिओ आत ठेव. ती रेडिओ उचलून आणखी बाहेर, पार धोंड्याजवळ घेऊन गेली. आवाजही वाढवला.

"तुमी लय हुशार," मला म्हणाली. का म्हणाली कळलं नाही. पण बऱ्याच दिवसांनी कुणीतरी म्हणालं, म्हणून लिहून ठेवतो.

२१ जून

पाऊस झाला! चांगला, ढेकळं विरघळवणारा. मी वर उभा राहून बघितलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत प्रत्येक चरात पाणी एका पातळीत उभं. कुठं धाव नाही, कुठं तुंबणं नाही. चिकण हळूहळू पीत होती. तिला घाई चालत नाही. घोट घोट दिलं की घेते. मी एकटाच हसत होतो. चर वाकडेतिकडे आहेत. एसटीतून कुणी मान वळवून बघणार नाही.

तात्यांना दाखवायला हाक मारत खाली गेलो. ते शेतात नव्हते. संध्याकाळी बातम्यांनाही आले नाहीत. कशाचा तरी रुसवा असेल म्हटलं. पण आम्रपालीनं स्वयंपाक अर्धा टाकला, पायात चप्पल घातली आणि त्यांच्या घराकडं गेली. इतक्या वर्षांत ती त्या आळीत कामाशिवाय गेलेली नाही.

२२ जून

काल ती परत आली ती तात्यांना घेऊनच. या वेळी ते धोंड्यावर बसले नाहीत. सरळ आत आले आणि माझ्या खाटेवर बसले. सुरुवात नेहमीसारखीच केली, "तो खालचा चर..." आणि चर तिथंच राहिला.

दुपारी स्टँडवरच्या टेलिफोन बूथवर निरोप आला होता. वीरधवल जखमी. जीव वाचला आहे. पायाला लागलंय. पुण्याला लष्करी इस्पितळात आणणार आहेत.

"पायाला म्हंजी किती?" ते मला विचारत होते. "म्हेंद्रा, तू व्हतास की तिकडं. पायाला म्हनत्यात तवा किती असतं?"

आम्रपालीनं त्यांच्या हातात कप दिला. त्यांनी चहा पिऊन टाकला. आपण काय प्यालो, कुठं बसून प्यालो, याचं त्यांना भान नव्हतं. मला होतं, आणि मला त्याची लाज वाटली.

म्हणजे ते रोज येत होते ते चरांसाठी नव्हतं. दगडं पुरतात का, हे त्यांनी मला नळीच्या त्या टोकावरून विचारलं होतं आणि मी विचारलं होतं, कशाला. अख्ख्या वाडीत तिकडची हवा बघितलेला माणूस मी एकटा. इतके दिवस तो बाप माझ्या दारात बसून मला शिव्या देत होता, कारण शिव्या देता देता कधीतरी मी आपण होऊन सांगेन, बर्फ कसा असतो, तोफेचा गोळा किती लांबून येतो, पोरं कशी जगतात, ही त्यांची आशा होती. आणि मी त्यांना बांध चोपण्याची पद्धत सांगत होतो.

आम्रपालीला हे पहिल्या दिवशीच कळलं होतं. विचारलं तर म्हणाली, "तुमाला सांगितलं असतं तर तुमी त्यास्नी भाषण दिलं असतं."

२ जुलै

पुण्याहून काल परत आलो. जाताना गाडी साताऱ्यात बदलली. पूर्ण प्रवासात तात्या खिडकीबाहेर बघत होते. एकदाच बोलले. खंबाटकीच्या घाटात म्हणाले, "हितं माती बरी हाय."

राहीबाई आल्या नाहीत. त्यांना ताप भरला होता, आम्रपाली त्यांच्याजवळ राहिली.

इस्पितळाच्या फाटकावर जवानानं अडवलं. फक्त नातेवाईक आत जातील. मी लगेच मागं सरकलो, नियम मला माहीत आहेत. तात्यांनी माझं मनगट धरलं.

"ह्यो कोण?" जवानानं विचारलं. आपल्याच भागाचा होता.

"चुलता हाय पोराचा."

जवानानं माझं ओळखपत्र बघितलं, त्यांचं नाव बघितलं. "आडनाव येगळं कसं?"

"आडनावाचं काय घिऊन बसलायस? मी चुलता म्हनतोय, मग चुलताच!"

चोवीस वर्षांत मी कधी खोटी नोंद होऊ दिली नाही. काल गप्प उभा राहिलो. जवानानं आम्हा दोघांकडं बघितलं आणि म्हणाला, "जावा."

वॉर्डच्या दाराशी तात्या थांबले. भिंतीला टेकले. टोपी काढून हातात घेतली. म्हणाले, "तू फुडं हो. बग, आन मला येऊन सांग. मला एकदम बगवायचं न्हाई."

मी आत गेलो. वीरधवल शेवटून दुसऱ्या खाटेवर होता. वाळला होता. मला बघून हात कपाळाकडं नेला, मग मध्येच खाली घेतला. "आबा?"

"बाहेर आहेत."

"रागावल्यात?"

"घाबरलेत."

"मी बी," तो म्हणाला.

मी चादर बघितली. आणि माळाबद्दल बोलायला लागलो. पाणी कसं एका पातळीत उभं राहिलं, चिकण कशी सावकाश पिते. गवताच्या जाती सांगितल्या. बहुधा बराच वेळ बोललो. शेवटी तोच म्हणाला, "काका, आबा उभं हायत न्हवं बाहेर?"

मी बाहेर आलो. तात्या तसेच भिंतीला टेकलेले. मला जन्मात एकच गोष्ट धड येते, रिपोर्ट देणं. तोच दिला. "डावा पाय. घोट्याच्या वर चार बोटं तिथवर आहे, पुढं नाही. गुडघा शाबूत. उजवा पाय चांगला. दोन्ही हात चांगले. डोळे चांगले. बोलतोय. मिशी ठेवलीय, तुमच्यापेक्षा झुपकेदार."

"मिशी ठिवलीया?"

"ठेवलीय."

त्यांनी टोपी घातली आणि आत गेले. मी दारातच थांबलो.

ते खाटेच्या पायथ्याशी बसले. तात्यांनी चादरीवरून हात फिरवला, गुडघ्यापासून खाली, आणि पाय संपला तिथं हात थांबला.

"दुकतं का रं?"

"बोटं दुकत्यात, आबा. नसलेली. डॉक्टर म्हनत्यात, दुकनारच."

तात्या सरकून बसले आणि जिथं चादर सपाट पडली होती तिथं दोन्ही हातांनी दाबायला लागले, लहान पोराचे पाय दाबावेत तसे, अंगठ्यानं, सावकाश.

वीरधवलनं डोळे मिटून घेतले.

"जरा खाली, आबा," तो म्हणाला.